पाण्याकाठचं घर मागं का कलतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापूरचे, चार वर्षं लग्नं आणि प्री-वेडिंग करताय, आणि आता एका आर्किटेक्टनी पहिल्यांदा इमारतीचं काम दिलंय. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी दोन मजली घर आहे: काच, उघडं काँक्रीट, पांढऱ्या भिंती. काचेची लांब बाजू पाण्याकडं, म्हणजे उत्तरेला. डिसेंबरात दुपारी साडेचारला तुम्ही तिथं गेलात, मासेमाराच्या होडीत बसून काठापासून पंधरा-वीस मीटरवरून 16-35 मिमीच्या वाइड लेन्सनं फोटो काढले, लेन्सवर सीपीएल, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर होता. घर मागं रेललेलं आलं, काच काळीकुट्ट, पाणी पांढरंफटक आणि प्रतिबिंब गायब. आर्किटेक्ट म्हणाले, "हे मी बांधलेलं घर नाही." आता टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता फ्रेम सरकवता येते ती, घ्यावी का, असं विचारताय. शिवाय पुढं मुंबईत मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणची कामं मिळवायची आहेत, तिथं हेच गणित चालेल का?

लेन्स घेऊ नका. निदान या कामासाठी नको. नवी चांगली घ्यायची तर बरीच महाग पडते, आणि तुमच्या चार तक्रारींपैकी ती फक्त एक दूर करेल. उरलेल्या तिन्ही तशाच राहतील, कारण त्या लेन्सच्या नाहीत. तुम्ही कुठं उभे राहिलात आणि कधी गेलात, त्याच्या आहेत.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी मूळची फोटोग्राफर नाही. आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, काही वर्षं टी-स्क्वेअर घेऊन इतरांच्या इमारतींची एलिव्हेशनं, म्हणजे समोरून दिसणाऱ्या बाजूंची रेखाटनं काढली, आणि नंतर त्याच इमारतींचे फोटो काढायला लागले. त्यामुळं आर्किटेक्ट "हे माझं घर नाही" म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय खुपतं ते मला ठाऊक आहे. त्यांनी कागदावर प्रत्येक भिंत ओळंब्यात काढलेली असते. गवंड्यानं भिंत अर्धा इंच बाहेर काढली तरी ते पाडायला लावतात. तुम्ही तीच भिंत फोटोत पाच अंश मागं पाडून दिली, तर ते गप्प कसे बसतील?

पहिल्यांदा त्या मागं रेलण्याचंच बघू.

उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडं झुकतात, कारण तुम्ही कॅमेरा वर उचलता. सेन्सर भिंतीला समांतर असेल तर रेषा समांतर राहतात, तिरका झाला की झुकतात. यापलीकडं त्यात काही नाही. वाइड लेन्सला उगाच दोष देतात. 16 मिमी असो की 160, कॅमेरा सपाट धरला तर दोन्हीत भिंती उभ्याच येतात. फरक एवढाच की 16 मिमी घेऊन जवळ गेलं की इमारतीचा माथा बसत नाही, मग हात आपोआप वर जातो.

कॅमेरा सपाट धरला की क्षितिज फ्रेमच्या बरोबर मधोमध येतं. रस्त्यावरच्या इमारतीत ही अडचण असते: खालच्या अर्ध्या फ्रेममध्ये डांबर, दुचाक्या आणि कुणाचं तरी पाठमोरं डोकं. म्हणून लोक शिफ्ट लेन्स घेतात, म्हणजे कॅमेरा सपाट ठेवून फ्रेम वर सरकवता येते. पाण्याकाठी ही अडचण उरत नाही. खालच्या अर्ध्या फ्रेममध्ये पाणी असतं, आणि पाण्यात तीच इमारत उलटी. जो भाग इतरत्र कापून टाकावा लागतो तो इथं चित्राचा अर्धा भाग होतो. क्षितिज मधोमध नको, तिसऱ्या भागावर ठेवा, असं तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. प्री-वेडिंगमध्ये ठेवा. इथं मधोमध ठेवा, बिनधास्त.

मी हे शिकले सिद्धेश्वर तलावावर, फिल्मच्या काळात, एका जुन्या यशिका मॅटवर. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा असतो, त्यामुळं तो आपसूक सपाट राहतो. पाण्यामधलं मंदिर, खाली त्याचं प्रतिबिंब, आणि प्रत्येक उभी रेषा ओळंब्यात. पुढं डोळ्याला लावायचा एसएलआर आला आणि माझीही मंदिरं मागं पडायला लागली. तेव्हा कळलं की आधी जे जमत होतं ते माझं कसब नव्हतं, यशिकाची कृपा होती.

आता अंतराचं. तुम्ही पंधरा-वीस मीटरवर होतात. उत्तरेकडं तोंड म्हणताय, म्हणजे घर मुख्य पात्रावर नसून आत शिरलेल्या पाण्याच्या पट्ट्यावर असणार. तसं असेल तर समोरचा काठ फार लांब नसेल. दीडशे-दोनशे मीटर धरू, नक्की किती ते नकाशावर मोजून बघा. पाण्यानं तुम्हाला एक गोष्ट फुकट दिलीय ती म्हणजे मोकळी जागा. शहरात इमारतीपासून दोनशे मीटर मागं सरकायचं म्हटलं तर मध्ये दहा इमारती येतात. इथं मध्ये काहीच नाही. घर 30 मीटर लांब धरा, दोन्ही बाजूंना थोडी हवा हवी म्हणून फ्रेममध्ये 45 मीटर बसवायचे. 200 मीटरवरून फुल-फ्रेमच्या 36 मिमी रुंद सेन्सरवर हे बसवायला साधारण 160 मिमी लागतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या बॅगेत 70-200 मिमीची झूम नसेल असं होत नाही. म्हणजे लेन्स तुमच्याकडं आधीपासूनच आहे.

तिथून कॅमेरा सपाट ठेवला की पाण्याच्या वर सुमारे 15 मीटर आणि खाली तेवढंच दिसतं. दोन मजली घर काठाच्या उंचीसकट त्यात आरामात मावतं. शिफ्ट लेन्सची गरजच पडली नाही.

सपाट आहे का हे तपासताना एक फसगत होते. समोरच्या काठाची रेषा बघून कॅमेरा सरळ करू नका. ते क्षितिज नाही. काठ तिरका लांब जात असेल तर पाणी तंतोतंत सपाट असूनही ती रेषा फोटोत कललेलीच दिसते, आणि तिला आडवी करायला गेलात तर घर कलतं. भिंतीची उभी कड बघा. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल लावा, आणि ट्रायपॉडवरची छोटी पाणसळही बघा. दोन्हींत भांडण झालं तर भिंतीचं ऐका, गवंड्यानं ओळंबा नीट धरला होता असं गृहीत धरून.

हे सगळं मुख्य फोटोपुरतं. अंगणातून, जिन्यापाशी, कोपऱ्यावरून जवळचे फोटो लागतीलच, आणि तिथं शिफ्ट लेन्स खरंच कामाला येते. त्यासाठी पुण्याहून दोन दिवस भाड्यानं आणा. नाहीतर 16-35 सपाट धरून काढा, कॅमेरा उभा करा आणि नंतर खालचा भाग कापा. हल्लीच्या सेन्सरमध्ये कापूनही भरपूर उरतं. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, पण थोड्याच. फार ओढलं की घर उंच आणि हडकुळं होतं, आणि आर्किटेक्टना ते लगेच कळतं.

आता काळी काच आणि पांढरं पाणी. यात मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमचं काम खरं इथं बिघडलं.

सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तरेला आहे, करमाळा त्याहून जरा वर. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य पूर्वेच्या 24-25 अंश दक्षिणेला उगवतो, दिवसभर दक्षिणेकडूनच जातो आणि तेवढाच दक्षिणेला मावळतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर त्या महिन्यात एक किरणही पडत नाही. आर्किटेक्टनी काच उत्तरेला ठेवली ती त्यासाठीच; सोलापूरच्या उन्हात दक्षिणेला किंवा पश्चिमेला एवढी काच लावली तर आतल्या माणसांची भजी होतील. पण तुम्ही पाण्यातून त्या भिंतीकडं बघताना तुमचं तोंड दक्षिणेला, आणि साडेचारला सूर्य नैऋत्येला, जवळजवळ तुमच्या डोळ्यांसमोर. घर सावलीत, मागचं आकाश उजळ, आणि पाणी त्या उजळ आकाशाचा आरसा. कॅमेरा काय करेल? आकाश सांभाळलं तर घर काळं, घर सांभाळलं तर पाणी पांढरं. प्री-वेडिंगच्या सवयीनं तुम्ही संध्याकाळचं सोनेरी ऊन धरायला गेलात. ते ऊन होतं, पण घराच्या पाठीवर.

मग उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं तरी कधी? 21 मार्चच्या आसपास ते 23 सप्टेंबरच्या आसपास, सकाळी आणि संध्याकाळी, तिरकं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तर आपल्याकडं सूर्य दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. उत्तरेच्या ओसरीत ऊन आलं की उन्हाळा आला, हे जुन्या घरातल्या माणसांना सांगावं लागत नाही.

पण मग उजनी आडवी येते. सोलापूरच्या माणसाला उजनीचं प्लस-मायनस समजावून सांगायचं म्हणजे आजीला पुरणपोळी शिकवण्यासारखं आहे, तरी फोटोच्या अंगानं सांगते. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 च्या आसपास मृतसाठा. आपण पेपरात वाचतो ते टक्के वरच्या जिवंत साठ्याचे असतात, आणि उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेलं की उजनी मायनसमध्ये गेली म्हणतो. पाणी इतकं उतरतं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये भिंतीवर ऊन असेल, पण पाणी कदाचित अर्धा किलोमीटर मागं, आणि मध्ये भेगाळलेला गाळ. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरण भरलेलं असलं आणि आभाळ उघडलं, तर सूर्योदयानंतर तास-दीड तास त्या काचेवर घासत जाणारं ऊन मिळेल आणि पाणीही काठोकाठ असेल. वर्षातून तेवढाच मुहूर्त, तोही वरुणराजाच्या मर्जीवर. आर्किटेक्टना थांबायला वेळ असेल तर त्यांना हे सांगा. नसेल, आणि बहुतेक नसतोच, तर उन्हाचा नादच सोडा आणि संधिप्रकाशात जा.

काचेच्या इमारतीला संधिप्रकाश का मानवतो, त्याचं कारण साधं आहे. बाहेर उजेड जास्त असेल तर काच आरसा होते, आत उजेड जास्त असेल तर खिडकी होते. दिवसा तुम्ही तुमच्या आर्किटेक्टच्या घराचा फोटो काढतच नव्हता, काचेत दिसणाऱ्या समोरच्या काठाचा काढत होता. संध्याकाळी बाहेरचा उजेड उतरत जातो, आतले दिवे तेवढेच राहतात, आणि एका क्षणी दोन्ही बरोबरीला येतात. तेव्हा आतला जिना, फर्निचर, मागच्या भिंतीचा रंग, सगळं दिसायला लागतं. आकाश अजून निळं असतं, पाणीही निळं, आणि त्यात पिवळ्या चौकटींचं प्रतिबिंब.

हा क्षण आपल्याकडं फार लवकर निघून जातो. युरोपातले लोक व्हिडिओत सांगतात की निवांत तासभर ब्लू अवर, म्हणजे हा निळा संधिप्रकाश मिळतो. त्यांच्याकडं मिळत असेल. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. सूर्यास्तानंतर बावीस-चोवीस मिनिटांत नागरी संधिप्रकाश संपतो. माझ्या अनुभवात कामाची मिनिटं म्हणजे सूर्यास्तानंतरची बाराव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंतची. तेवढ्यात जागा शोधायची नसते, लेन्स बदलायची नसते. तासभर आधी ट्रायपॉड रोवायचा, फ्रेम पक्की करायची, फोकस लावून मॅन्युअलवर टाकायचा, आणि मग दर मिनिटाला एक फोटो काढत बसायचं. आयएसओ 100, एफ 8, आणि वेळ दोन सेकंदांपासून आठपर्यंत वाढत जाते. प्रत्येक वेळी दोन स्टॉप खाली आणि दोन वर असे जास्तीचे घेऊन ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही.

दिव्यांची तयारी फोटोपेक्षा मोठी आहे. घरमालकांना आधी फोन करून सगळ्या खोल्यांत एकाच रंगाचे दिवे आहेत का विचारा. एका खोलीत पिवळा, दुसरीत पांढराफटक असेल तर घर हॉटेलसारखं दिसतं. दोनशे रुपयांचा बल्ब बदलणं सोपं, नंतर कॉम्प्युटरवर प्रत्येक खिडकीचा रंग बदलणं महाकठीण. आणि इन्व्हर्टरवर किती दिवे चालतात तेही विचारा. माझं एक काम नेमकं पंधराव्या मिनिटाला लाइट गेल्यामुळं वाया गेलं. दीडशे किलोमीटर गाडी, मदतनीस, मालकांनी केलेलं जेवण, सगळं झालं, आणि फोटो एकही नाही. तेव्हापासून मी इन्व्हर्टरचं विचारल्याशिवाय निघत नाही. जेवणाचंही विचारते.

संध्याकाळ की पहाट? मी दोन्ही करेन. आदल्या दिवशी दुपारी जाऊन संध्याकाळी रंगीत तालीम, रात्री तिथंच मुक्काम, आणि पहाटे खरं काम. हिवाळ्यात पहाटेचा वारा बहुतेक पडलेला असतो, पाणी तेलासारखं स्थिर. सगळा क्रम उलटा: सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटं आधीपासून सुरुवात. अडचण एकच, मासेमारांच्या होड्याही तेव्हाच निघतात, आणि एक होडी गेली की पाणी पाच-दहा मिनिटं हलत राहतं. आदल्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलून ठेवा, लोक ऐकतात. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर वाफ धरते. थोडी असेल तर नशीब, जास्त असेल तर चहा प्या.

प्रतिबिंबाबद्दल आता. लोकांना वाटतं की प्रतिबिंब म्हणजे वरचाच फोटो उलटा. तसं नसतं. पाण्यात दिसते ती इमारत पाण्याखालून बघितल्यासारखी दिसते. म्हणून सज्जाची खालची बाजू, स्लॅबचं पोट, जे तुम्हाला सरळ बघताना कमी दिसतं, ते प्रतिबिंबात जास्त दिसतं. आणि म्हणूनच घर आणि पाणी यांच्या मध्ये उघडा काठ असेल तर तो प्रतिबिंबातून घराचा खालचा भाग खातो. 200 मीटरवरून, पाण्यापासून दीड मीटर उंचीवर कॅमेरा ठेवून मी गणित केलं: घर काठापासून 20 मीटर आत असेल आणि पाणी उतरल्यामुळं 3 मीटर उंच काठ उघडा पडला असेल, तर पाण्याच्या पातळीपासून साडेतीन मीटर उंचीपर्यंतचा घराचा भाग पाण्यात दिसतच नाही. काठाचे 3 मीटर वजा केले तर घराच्या पायथ्याचा अर्धा मीटर गायब. त्यामुळं जाण्याआधी गावातल्या कुणाकडून तरी काठाचा मोबाइलवर फोटो मागवा. धरणाचे टक्के पेपरात कळतील, पण तुमच्या पट्ट्यात पाणी कुठवर आहे ते तिथल्याच माणसाला माहीत.

आणि सीपीएल काढा. होडीतून जवळच्या पाण्याकडं तुमची नजर साधारण चाळीस अंशांत पडत होती, आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी 37 अंशांच्या आसपास सीपीएल प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. तुम्ही पैसे मोजून, फिरवून फिरवून ते स्वतःच्या हातानं पुसलंत. समोरच्या काठावरून नजर पाण्याला इतकी चाटून जाते की सीपीएलनं फारसं काही होत नाही, उगाच दीड स्टॉप उजेड जातो. काचेचंही तसंच: समोरासमोर बघताना सीपीएलचा उपयोग शून्य, तिरक्या कोनातून बघताना होतो. कोपऱ्यावरच्या फोटोत जरूर वापरा.

हलक्या लाटांनी प्रतिबिंब तुटत असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच आहे. दहा स्टॉपचा असेल तर 1/60 सेकंदाचे सतरा होतात. त्यातून पाणी गुळगुळीत होतं आणि दिव्यांच्या उभ्या पट्ट्या उमटतात, पण आरशासारखं प्रतिबिंब त्यातून परत येत नाही, ते फक्त वारा पडल्यावरच. संधिप्रकाशात वेळ मुळातच लांब असते, त्यामुळं मी तो फार कमी वापरते. समोरच्या काठावर केळीची बाग असेल, आणि त्या भागात असतेच, तर लांब एक्स्पोजरमध्ये पानांचा भुसा होतो हेही ध्यानात ठेवा.

प्रतिबिंब नेहमी वरच्या वस्तूपेक्षा जरा गडद असतं. आकाशाला ग्रॅज्युएटेड (वरून गडद, खाली पारदर्शक) फिल्टर लावून गडद केलं, किंवा कॉम्प्युटरवर पाणी उजळलं, की प्रतिबिंब मुळापेक्षा उजळ होतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. आकाश बदलणाऱ्यांना तर मी हातच जोडते. वरचं आकाश बदललं तरी पाण्यातलं जुनंच राहतं. चोरी करून पावती टेबलावर ठेवल्यासारखं.

समोरच्या काठावर काय असेल तेही सांगते: उसाचं नाहीतर केळीचं रान, वेड्या बाभळी, आणि पाण्यात सोडलेल्या मोटारी, पाइप, केबली. शेतकऱ्याला विचारून आत जा. मोटारींचं काय करायचं यावर मतं वेगळी असतील. फ्रेमच्या कडेला एखादा पाइप आला तर मी राहू देते. उजनीच्या काठावरचं घर आहे, मालदीवचं नाही. पण घराच्या प्रतिबिंबाच्या बरोबर मध्ये केबल आली तर दहा फूट सरका.

पांढऱ्या भिंतींबद्दल एक. सिडनीचं ऑपेरा हाउस 1973 मध्ये उघडलं; यॉर्न उत्झोननी त्याच्या शिंपल्यांवर दहा लाखांहून जास्त फरशा लावल्या, पण सगळ्या एकसारख्या पांढऱ्या नाहीत. काही चकचकीत पांढऱ्या, काही क्रीम रंगाच्या मंद. म्हणून बंदराच्या उन्हातही त्या छपराचे उतार ओळखू येतात. बिल्बाओच्या नदीकाठच्या 1997 च्या गुगेनहाइम संग्रहालयावर फ्रँक गेरींनी टायटॅनियमचे पातळ पत्रे लावले, ते आभाळ बदललं की रंग बदलतात. तुमच्या घराला तशी सोय नसणार. साधा पांढरा रंग पाण्याकाठी जास्तच उजळतो, कारण पाण्यावरून परतलेला उजेडही त्यावर पडतो. म्हणून हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची उजवी कड बघत राहा, आणि भिंत जळण्यापेक्षा अर्धा स्टॉप कमी बरी. त्या परतलेल्या उजेडाचा फायदाही आहे. सज्जाच्या खाली कधी कधी पाण्याची नाचती जाळी उमटते. तेवढ्यासाठी मात्र एकदा उन्हात जा आणि जवळून तिचा फोटो काढा. आर्किटेक्टना तो मुख्य फोटोपेक्षा जास्त आवडला तर मला नवल वाटणार नाही.

मुंबईचं थोडक्यात, कारण तिथलं काम अजून हातात नाही. दिशा आणि संधिप्रकाश यांचं गणित तेच, अक्षांशात फरक सव्वा अंशाचा. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, ज्या 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, समुद्राकडं म्हणजे पश्चिमेला तोंड करून आहेत. म्हणून तिथं दुपारनंतरचं ऊन थेट मिळतं आणि तुमची सोनेरी तासाची सवय कामी येते. गिरगाव चौपाटीवरून नरिमन पॉइंटचे मनोरे, त्यात 1974 ची एअर इंडियाची इमारत, संध्याकाळी उजव्या बाजूनं उजळतात, घडणीला उठाव येतो. फरक पाण्याच्या पातळीत आहे. उजनीला उतरायला सहा महिने लागतात, समुद्राला सहा तास. ओहोटीला काळे खडक आणि चिखल उघडा पडतो. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की ढोबळ मानानं पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे दिवे लागायच्या वेळी पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी असते खरी, पण ती भर दुपारी. संध्याकाळी नेमकी ओहोटी. लोक पौर्णिमेला मुद्दाम जातात आणि खडकांचे फोटो घेऊन येतात. नक्की वेळ मात्र त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यात बघा. शिवाय सी लिंकच्या बाजूला, वांद्र्याच्या किल्ल्यावर वगैरे, खारा तुषार लेन्सवर बसतो. ओल्या कपड्यानं आधी टिपून घ्या, कोरड्यानं घासू नका, आणि घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यात धुवा.

परवानग्यांचं तुम्ही विचारलं नाही, तरी विचाराल. इमारतीचा फोटो काढून छापणं हा आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार भंग नाही, वास्तूंसाठी कलम 52 मध्ये तशी सूट आहे. पण कुणाच्या आवारात शिरायचं तर मालकाची परवानगी लागते, ती वेगळी गोष्ट. ड्रोन उडवणार असाल तर आधी सरकारच्या ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय नकाशावर तो भाग हिरवा, म्हणजे मोकळा आहे का बघा, आणि धरणाच्या भिंतीकडं वळवूच नका. तसंही या घरासाठी ड्रोन मला नको वाटतो. वरून बघितलं की प्रतिबिंब जातं आणि पत्र्याची टाकी दिसते.

करमाळ्याला जाण्याआधी एक पहाट सिद्धेश्वर तलावावर घालवा. 70-200 लावा, कॅमेरा सपाट, क्षितिज मधोमध, दर मिनिटाला एक फोटो, उजाडेपर्यंत. घरी येऊन सगळे शेजारी शेजारी लावून बघा, कितव्या मिनिटाला दिवे आणि आकाश बरोबरीला आले ते. तो आकडा लिहून ठेवा. करमाळ्यातही जवळपास तोच निघेल. आणि आर्किटेक्टना आजच फोन करून बाहेरच्या ओसरीतले दिवे पिवळे आहेत की पांढरे एवढं विचारून घ्या.